रंगमंचीय ध्वनीचे डिजिटल जाळे : उभारणीची तत्त्वे

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :
• नाट्यगृहातील ध्वनिव्यवस्थेत तारांच्या जागी डिजिटल जाळे का आले, हे सांगता येईल.
• आवाजाचे अंकांत रूपांतर कसे होते आणि त्यासाठी जाळ्याची किती क्षमता लागते, याचे गणित मांडता येईल.
• जाळ्यातील सर्व यंत्रांना एकच काळ का लागतो, हे स्पष्ट करता येईल.
• नावे, जोडण्या आणि पर्यायी मार्ग यांचे नियोजन कागदावर करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, नाटकाचा अभ्यास करताना आपण संहिता, अभिनय, नेपथ्य आणि प्रकाशयोजना यांचा सविस्तर विचार करतो. ध्वनियोजनेचा उल्लेख मात्र बहुधा पार्श्वसंगीतापुरताच होतो. वास्तविक, रंगभूमीवरील शब्द प्रेक्षकापर्यंत पोचतो तो ध्वनीच्या रूपाने. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले, तेव्हा ध्वनिवर्धक नव्हता. नटाचा गळा, शब्दफेक आणि प्रेक्षागृहाची बांधणी यांच्याच बळावर पद शेवटच्या रांगेपर्यंत जात असे. पुढे फूट माइक आले, टांगलेले माइक आले आणि त्यानंतर नटाच्या वेशभूषेत दडणारे कॉलर माइक आले. माइकांची संख्या वाढली, तशी त्यांना जोडणाऱ्या तारांचीही वाढली. या वाढत्या पसाऱ्यातून मार्ग म्हणून डिजिटल जाळ्याचा स्वीकार झाला.

हे जाळे उभारण्यासाठी अभियंताच हवा असे नाही. अनेक नाट्यसंस्थांत हे काम संस्थेतलाच एखादा जाणता कार्यकर्ता शिकून करतो. मात्र त्याने एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते. जुन्या व्यवस्थेत तार जेथून निघाली आणि जेथे पोचली, त्यावरून तिचा अर्थ ठरत असे. जाळ्यात एकाच तारेतून सर्वांचे आवाज जातात, त्यामुळे तारेकडे पाहून काहीच कळत नाही. कोणता आवाज कोणाचा, तो केव्हाचा आणि कोठे जायचा, हे सर्व यंत्रांनी आधी मान्य केलेल्या संकेतांवर अवलंबून असते. भाषेचा व्यवहार जसा संकेतांवर चालतो, तसाच हाही चालतो. हे संकेत प्रामुख्याने तीन आहेत : एकच काळ, निश्चित नावे आणि दोन स्वतंत्र वाटा. या घटकात आपण त्यांचाच क्रमाने विचार करणार आहोत.

२. तारेकडून जाळ्याकडे

पारंपरिक ध्वनिव्यवस्थेत प्रत्येक माइकसाठी एक स्वतंत्र तार रंगमंचापासून मिक्सरपर्यंत जाते. अशा अनेक तारा एकत्र गुंफून केलेल्या जाड दोराला व्यवसायात ‘स्नेक’ किंवा ‘मल्टिकोर’ म्हणतात. बत्तीस माइकांचा मल्टिकोर वजनाला जड असतो, तो गुंडाळायला दोन माणसे लागतात आणि दौऱ्यावर त्याच्या टोकाची एखादी जोडणी सैल झाली, तर नेमकी कोणती हे शोधण्यात वेळ जातो. शिवाय माइकमधून येणारा विद्युत्-संदेश अत्यंत क्षीण असतो. प्रकाशयोजनेच्या डिमरजवळून ही तार गेली, तर त्या संदेशात गुणगुण मिसळते. एकदा मिसळलेली गुणगुण सहजासहजी वेगळी करता येत नाही.

डिजिटल व्यवस्थेत रंगमंचाच्या कडेला, विंगेत, ‘स्टेज बॉक्स’ नावाची पेटी ठेवतात. माइकची तार काही मीटरांतच या पेटीत पोचते. तेथेच संदेश वाढवून त्याचे अंकांत रूपांतर केले जाते आणि पुढचा प्रवास अंकांच्या रूपाने, संगणकाच्या जाळ्यासाठी वापरतात त्याच प्रकारच्या बारीक तारेतून होतो. वाटेत कितीही यंत्रे लागली, तरी अंक तेच राहतात. एकच आवाज प्रेक्षागृहातील मुख्य मिक्सर, नट व वादकांसाठीचा मॉनिटर मिक्सर आणि ध्वनिमुद्रणाचा संगणक अशा तिन्ही ठिकाणी जसाच्या तसा देता येतो.

या तंत्राला काही दशकांचा इतिहास आहे. १९९०च्या दशकात पीक ऑडिओ या अमेरिकी कंपनीने ‘कोब्रानेट’ हे तंत्र आणले. २००६ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे ऑडिनेट ही कंपनी स्थापन झाली. तिचे ‘डान्टे’ हे तंत्र आज अनेक कंपन्यांच्या मिक्सरांत, स्टेज बॉक्सांत आणि अँप्लिफायरांत आढळते. निरनिराळ्या तंत्रांतील यंत्रांना एकमेकांशी ध्वनीची देवाणघेवाण करता यावी, म्हणून ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने २०१३ साली ‘एईएस ६७’ हे मानक प्रसिद्ध केले. पुढील विवेचनात आपण उदाहरणादाखल ‘डान्टे’ हेच तंत्र घेणार आहोत.

३. आवाजाचे अंकांत रूपांतर

माइकमधून येणारा संदेश सतत बदलत असतो. त्याचे मूल्य ठरावीक अंतराने मोजून लिहून ठेवणे, यालाच नमुने घेणे म्हणतात. रंगमंचीय ध्वनीत सर्वसाधारणपणे सेकंदाला ४८,००० नमुने घेतात आणि प्रत्येक नमुना २४ बिटांत लिहितात. नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्यापर्यंतच्या कंपनसंख्या, म्हणजे येथे २४,००० हर्ट्झपर्यंतच्या, त्यांतून पुन्हा उभ्या करता येतात. माणसाच्या कानाची वरची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ असल्यामुळे एवढे पुरेसे होते.

आता गणित पाहा. ४८,००० गुणिले २४, म्हणजे एका चॅनेलला सेकंदाला ११,५२,००० बिट लागतात. बत्तीस चॅनेलसाठी हा आकडा सुमारे ३ कोटी ६९ लाख बिटांवर जातो. पॅकेटांवर लिहावे लागणारे पत्ते वगैरे धरून तो थोडा वाढतो. गिगाबिट जाळ्याची क्षमता सेकंदाला १०० कोटी बिटांची असते. म्हणजे मध्यम आकाराच्या संगीत नाटकासाठी जागा मुबलक आहे. येथे अडचण जागेची नाही, वेळेची आहे.

४. पहिला संकेत : एकच काळ

जाळ्यातून छायाचित्र किंवा पत्र पाठवले आणि ते अर्धा सेकंद उशिरा पोचले, तर कोणाचे काही बिघडत नाही. आवाजाचे तसे नाही. नमुने ज्या गतीने घेतले, त्याच गतीने ते पुन्हा वाजवावे लागतात. स्टेज बॉक्समध्ये एक घड्याळ असते, मिक्सरमध्ये दुसरे असते आणि कोणतीही दोन घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. दोघांत दशलक्षात वीस भागांचा फरक आहे असे समजू. फरक क्षुल्लक वाटतो, पण सेकंदाला ४८,००० नमुने असल्यामुळे दर सेकंदाला जवळजवळ एक नमुना कमी किंवा जास्त पडतो. तो सांधा कानाला ‘टिक्’ असा ऐकू येतो आणि सगळा अंकभर येत राहतो.

म्हणून जाळ्यातील सर्व यंत्रे एका मुख्य घड्याळाशी जुळवून घेतात. त्यासाठी ‘आयईईई १५८८’ हे काळाच्या जुळणीचे मानक वापरले जाते. डान्टेमध्ये मुख्य घड्याळ कोणते, हे यंत्रे आपसांत ठरवतात. उभारणी करणाऱ्याने मात्र त्यांत लक्ष घालून, कायम चालू राहणाऱ्या यंत्राला पसंती द्यावी. बहुधा तो स्टेज बॉक्स किंवा मुख्य मिक्सर असतो. मधेच बंद होऊ शकेल असा लॅपटॉप मुख्य घड्याळ होऊ देऊ नये. जुळणी नीट झाली, तर यंत्रांतील फरक एका मायक्रोसेकंदाच्या आसपास राहतो. एका नमुन्याचा काळ सुमारे २१ मायक्रोसेकंदांचा असल्याने हा फरक निरुपद्रवी ठरतो.

काळाला किती महत्त्व आहे, हे स्विचच्या मांडणीवरूनही कळते. स्विच म्हणजे जाळ्यातला चौक. तेथे अनेक तारा येऊन मिळतात आणि गर्दी झाल्यास आधी कोणाला सोडायचे, हे तो ठरवतो. डान्टेमध्ये घड्याळाच्या संदेशांवर ५६ आणि ध्वनीच्या पॅकेटांवर ४६ असा अग्रक्रमाचा अंक असतो. म्हणजे प्रत्यक्ष आवाजापेक्षाही काळाच्या संदेशाला आधी वाट मिळते. हे अंक ओळखून त्यानुसार वाट देण्याची सोय स्विचमध्ये चालू करावी लागते. याउलट स्विचमधील वीजबचतीची सोय बंद करावी. वाहतूक थोडी थंडावली की ही सोय तारेला झोपवते आणि जागे होण्यास लागणाऱ्या वेळामुळे घड्याळाची जुळणी ढळते. ध्वनीच्या मार्गात वाय-फाय वापरू नये, याचेही कारण हेच आहे : तेथे पॅकेट केव्हा पोचेल, याची शाश्वती नसते.

पॅकेटांच्या आगमनातील लहानसहान मागेपुढेपणा सामावून घेण्यासाठी जाणूनबुजून थोडा विलंब ठेवला जातो. तो पाव मिलिसेकंदापासून पाच मिलिसेकंदांपर्यंत निवडता येतो आणि बहुधा एक मिलिसेकंद ठेवतात. हा विलंब किती, हे समजण्यासाठी हवेतील ध्वनीशी तुलना करा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर. एक मिलिसेकंदाचा विलंब म्हणजे प्रेक्षकाने वीतभर-दीडवीत मागे सरकून बसणे. बाल्कनीखालच्या स्पीकरला तर आपण मुद्दाम याहून कितीतरी अधिक विलंब देतो. तो रंगमंचापासून वीस मीटरांवर असेल, तर मूळ आवाज तेथे पोचायला सुमारे ५८ मिलिसेकंद लागतात. तेवढा, किंवा किंचित अधिक, विलंब स्पीकरला दिला, तर प्रेक्षकाला आवाज नटाच्या दिशेनेच आल्याचे जाणवते. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली मांडलेल्या निरीक्षणांवर ही पद्धत आधारलेली आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

अ) वरील मापाने सोळा चॅनेलना सेकंदाला किती बिट लागतील?
आ) घड्याळाच्या संदेशांना ध्वनीपेक्षा अग्रक्रम का दिला जातो?

५. दुसरा संकेत : निश्चित नावे

मराठीच्या विद्यार्थ्याला विशेष जवळचा वाटेल, असा हा भाग आहे. डान्टेमध्ये एखादा आवाज कोठून घ्यायचा, हे यंत्राच्या आणि चॅनेलच्या नावावरून नोंदले जाते. मिक्सरला सांगितलेले असते : ‘डाव्या विंगेतील पेटीचा अमुक नावाचा चॅनेल मला हवा.’ या नोंदीला सबस्क्रिप्शन म्हणतात. कोणी सहज म्हणून पेटीचे नाव बदलले, तर जुन्या नावाची वाट पाहणारा मिक्सर रिकामा राहतो आणि तो माइक मुका होतो. तार शाबूत, पेटी चालू, वीज आहे. बदलले आहे ते केवळ नाव.

याची दुसरी बाजू फायद्याची आहे. पेटी बिघडली आणि तिच्या जागी तशीच दुसरी पेटी, तेच नाव व चॅनेलची तीच नावे देऊन ठेवली, तर जुन्या सर्व जोडण्या आपोआप पूर्ववत होतात. म्हणून नावे आधी कागदावर ठरवावीत, जोडण्या नंतर कराव्यात आणि त्यानंतर नावांना हात लावू नये. यंत्राच्या नावात रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ वापरता येते, तसेच ३१ अक्षरांची मर्यादा आहे. जाळ्यात कोणत्याही दोन यंत्रांचे नाव एकच असू नये.

चॅनेलला कोणते नाव द्यावे? नुसते ‘माइक ७’ म्हटले, तर ऐन प्रयोगात त्याचा अर्थ आठवावा लागतो. नटाचे नाव दिले, तर दौऱ्यात रिप्लेसमेंट झाल्यावर ते खोटे ठरते. पात्राचे नाव मात्र नाटक आहे तोवर टिकते. ‘सूत्रधार–कॉलर’, ‘नटी–कॉलर’, ‘ऑर्गन’, ‘तबला–दायाँ’, ‘तबला–डग्गा’ अशी नावे रोमन लिपीत लिहिली, तरी वाचणाऱ्याला क्षणात बोध होतो. नामकरणाची ही शिस्त वरवरची वाटेल, पण अंधारात बसून काम करणाऱ्या माणसाचा निर्णय तिच्यावरच अवलंबून असतो.

नावांबरोबर अधिकारही ठरवावे लागतात. एकाच माइकचा आवाज मुख्य मिक्सर आणि मॉनिटर मिक्सर असे दोघे घेत असतील, तर त्याची मूळ वाढ, म्हणजेच गेन, स्टेज बॉक्समध्ये एकदाच ठरते. मुख्य मिक्सरवरील व्यक्तीने ती वाढवली, तर नटाच्या जवळच्या मॉनिटरमध्येही आवाज अचानक वाढतो आणि शिट्टी वाजू शकते. म्हणून गेन कोणी बदलायचा, हे तालमीतच ठरवावे. दुसऱ्याने आपल्या मिक्सरवर फेडरने किंवा डिजिटल ट्रिमने जुळवून घ्यावे.

६. तिसरा संकेत : दोन स्वतंत्र वाटा

मल्टिकोरमधील एक तार तुटली, तर एक माइक जात असे. जाळ्याची एकमेव तार तुटली, तर सारे नाटक मुके होते. सोयीची ही किंमत आहे आणि तिची तरतूद आधीच करायची असते. अनेक यंत्रांना जाळ्यासाठी दोन खाचा असतात. त्यांतील पहिली प्राथमिक आणि दुसरी पर्यायी जाळ्यासाठी वापरता येते. यंत्र दोन्हीकडे तोच आवाज एकाच वेळी पाठवते. एक वाट बंद पडली, तर घेणारे यंत्र दुसरीकडून घेत राहते आणि प्रेक्षकाला काही कळत नाही.

मात्र यासाठी दोन्ही वाटा खरोखर स्वतंत्र असाव्या लागतात. प्राथमिक जाळ्याचा स्विच वेगळा आणि पर्यायी जाळ्याचा वेगळा असावा. दोन्ही जाळी कोठेही एकमेकांना जोडू नयेत. दोन तारा प्रेक्षागृहातून एकाच मार्गाने नेल्या, तर एकाच खुर्चीचा पाय दोघींवर पडू शकतो. म्हणून एक डाव्या भिंतीने आणि दुसरी उजव्या भिंतीने न्यावी. तांब्याच्या तारेची मर्यादा दोन यंत्रांमध्ये १०० मीटरांची आहे. भिंतीच्या कडेने, वळणे घेत जाताना ती अनपेक्षितपणे लवकर गाठली जाते. अंतर त्याहून अधिक असेल, तर ऑप्टिकल फायबर वापरावा.

पर्यायी वाट तारेच्या बिघाडापासून वाचवते, पेटीच्या बिघाडापासून नाही. त्यासाठी एखादी जादा पेटी ठेवावी. ते परवडत नसेल, तर दोन माइकांच्या साध्या तारा थेट मिक्सरपर्यंत टाकून ठेवाव्यात. त्यांच्या आधारे प्रयोग निदान पुढे चालू राहतो. तसेच स्विच आणि स्टेज बॉक्स यांना यूपीएस हवा. वीज क्षणभर गेली, तरी स्विच पुन्हा पूर्ण सुरू होण्यास बराच वेळ घेतो, आणि रंगमंचावरील तो वेळ फार मोठा असतो.

७. उभारणीचा क्रम

आता सर्व विवेचन एका क्रमात मांडू.

१) कागदावर आराखडा काढावा. माइक, पेट्या, मिक्सर, स्विच आणि तारांची अंतरे त्यात नोंदवावीत.
२) स्विचमधील अग्रक्रमाची सोय चालू व वीजबचत बंद करावी. नाट्यगृहाच्या कार्यालयातील इंटरनेटच्या जाळ्याशी ध्वनिजाळे जोडू नये.
३) यंत्रे जोडून ती सर्व संगणकावरील नियंत्रण-प्रणालीत दिसतात की नाही, हे पाहावे. वेगळे काही ठरवले नसेल, तर डान्टेची यंत्रे आपले पत्ते स्वतःच घेतात : प्राथमिक जाळ्यात १६९.२५४ ने सुरू होणारे आणि पर्यायी जाळ्यात १७२.३१ ने सुरू होणारे.
४) सर्व यंत्रांवर सेकंदाला ४८,००० नमुने हेच माप आहे, याची खात्री करावी. मापे भिन्न असतील, तर आवाज जाणार नाही.
५) मुख्य घड्याळ तपासावे. प्राथमिक जाळ्यात ते एकच असावे. दोन दिसली, तर जाळ्याचे कोठेतरी दोन तुकडे झाले आहेत, असे समजावे.
६) नावे द्यावीत, त्यानंतर जोडण्या कराव्यात.
७) एकेक माइक बोलून तपासावा. आवाज योग्य चॅनेलवर आणि योग्य स्पीकरमधून येतो का, हे दोघांनी मिळून पाहावे.
८) रंगीत तालमीत, नाटक चालू असताना, प्राथमिक तार मुद्दाम काढून पाहावी. आवाज अखंड राहिला, तरच पर्यायी वाट आहे असे मानावे.
९) सर्व मांडणी संगणकात जतन करावी आणि तिचे एक पान स्वच्छ मराठीत लिहून मिक्सरजवळ ठेवावे.

शेवटच्या मुद्द्याकडे दुर्लक्ष होते. जाळे ज्याने उभारले, तो प्रत्येक प्रयोगाला असेलच असे नाही. त्याच्या डोक्यातील माहिती कागदावर नसेल, तर दुसऱ्या गावी दुसऱ्या माणसाच्या हाती केवळ लुकलुकणारे दिवे उरतात. ‘काय बिघडले तर प्रथम काय पाहावे’ हे चार ओळींत, संदिग्धता न ठेवता लिहिणे, हे भाषेचेच काम आहे आणि ते आपण करू शकता.

सारांश

डिजिटल ध्वनिजाळ्यात एका तारेतून अनेक आवाज जातात, म्हणून तारांऐवजी संकेतांना महत्त्व येते. सर्व यंत्रांनी एकच काळ पाळावा लागतो, अन्यथा आवाजात खंड पडतो. जोडण्या नावांवर आधारलेल्या असतात, म्हणून नावे विचारपूर्वक द्यावी व जपावी लागतात. एका तारेवर सारा प्रयोग अवलंबून असल्यामुळे दुसरी, खरोखर स्वतंत्र वाट लागते आणि ती तोडून पाहूनच तिची परीक्षा होते. यांतील बहुतेक काम पहिली घंटा होण्यापूर्वीच पूर्ण झालेले असावे लागते.

स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

अ) १,८४,३२,००० बिट.
आ) यंत्रांचा काळ जुळलेला नसेल, तर पॅकेट वेळेवर पोचूनही नमुने कमी-जास्त पडतात आणि आवाजात ‘टिक्’ ऐकू येते, म्हणून.

क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील किंवा जवळच्या नाट्यगृहातील ध्वनिव्यवस्था प्रयोगापूर्वी परवानगी घेऊन पाहा. माइकपासून स्पीकरपर्यंत आवाजाचा मार्ग आकृतीत दाखवा. व्यवस्था जुन्या पद्धतीची असल्यास, तिच्या जागी जाळे उभारायचे झाले तर कोणती नावे द्याल आणि दुसरी वाट कोठून न्याल, हे सुमारे दोनशे शब्दांत लिहा.